एकोणीस लंगोटांचा आहेर

आहेर किती रुपयांचा झाला हे विचारणे शिष्टाचाराला सोडून आहे, असे आपण सर्वच मानतो. आणि तरीही तो आकडा मनातल्या मनात न मांडणारी गृहिणी विरळाच. मीही त्याला अपवाद नाही. २०१८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी एक मंगल प्रसंग ठरला, तेव्हा मला प्रथम आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी मी घरखर्चाची वही उघडली. त्या वहीतून जे निघाले, त्याची ही हकिकत आहे.

आमचे बिऱ्हाड गेली अनेक वर्षे भिलाईला आहे. १९५९ साली तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि पाहता पाहता सभोवती देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांची वसाहत उभी राहिली. आमच्या एकाच गल्लीत तेलुगू, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगढी आणि बंगाली अशी घरे आहेत. डाव्या हाताच्या घरात राहणाऱ्या बंगाली गृहिणींना सारी गल्ली ‘बौदी’ म्हणते, मीही म्हणते. त्या मला ‘दीदी’ म्हणतात. आमची पंचवीस वर्षांची मैत्री विरजणाची वाटी आणि कढीलिंबाची डहाळी यांच्या देवघेवीतून वाढलेली आहे.

बौदींच्या सुनेला दिवस गेले होते. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, तसे बंगालमध्ये ‘शाध’ असते. गर्भवतीला नवी साडी नेसवून, तिच्या आवडीचे पदार्थ आणि पायेश, म्हणजे तांदळाची खीर, करून प्रेमाने जेवू घालतात. तमिळ घरांत या सुमारास तिचे हात काचेच्या बांगड्यांनी भरतात, गुजरातेत खोळा भरतात, आपण ओटी भरतो. नावे निरनिराळी, पण लवकरच जिच्या वाट्याला कष्ट यावयाचे आहेत, तिचे आधी कौतुक करून घ्यावे, ही बुद्धी सगळीकडे एकच.

शाध जूनच्या मध्यावर ठरले. गल्लीतील कोणी चांदीची वाटी घेतली होती, कोणी पैंजण. आमच्या घरी त्याच महिन्यात मुलाच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती, आणि ती भरल्यावर वहीत चांदीला जागा उरत नव्हती. बौदींनी माझ्याकडून कधी कशाची अपेक्षा केली नव्हती, हे खरे. परंतु आपल्याकडून अपेक्षा करीत नाहीत त्यांच्याच घरी रिकाम्या हाताने जाणे अधिक जड जाते.

अशा वेळी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे राहणाऱ्या माझ्या भाचीने एक छायाचित्र पाठविले. तिच्या मैत्रिणींनी तिचे डोहाळजेवण केले होते आणि मेजावर मधोमध तीन मजली पांढराशुभ्र केक होता. मी तिला लिहिले, “केक फारच सुंदर आहे.” तिचे हसत हसत उत्तर आले, “मावशी, तो खायचा नाही. ते डायपर आहेत!” एकदा वापरून टाकून देण्याचे ते लंगोट एकेक करून गुंडाळायचे, उभे रचायचे, फितीने बांधायचे. समारंभात शोभा दिसते आणि बाळ आल्यावर एकेक काढून वापरता येतो. तिकडे ही भेट घरोघरी हौसेने करतात, असे तिने सांगितले.

मला ती कल्पना फार आवडली. मात्र आमच्या दुकानात त्या वेळी एका डायपरला साधारण दहा रुपये पडत. तीन मजले उभारावयाचे तर सहाशे-सातशे रुपये हवेत आणि आठवड्याभरात सारे कचऱ्यात जावयाचे. मग मनात आले, आपल्याकडे बाळंतविडा म्हणून जी भेट देतात, ती तरी याहून काय वेगळी असते? लंगोट, झबली, टोपडी, कुंची, दुपटी. फरक एवढाच की आपण त्यांची चवड करून देतो, आणि त्या मुलींनी तिचा केक केला होता. शिवाय नव्या बाळाच्या अंगाला आधी जुने, मऊ कापडच लावावे, अशी आपली जुनी चाल आहे. जुने सुती कापड माझ्याकडे होते. वहीतली अडचण निम्मी मिटली.

जुन्या साड्यांतून निवड कशी केली ते थोडे विस्ताराने सांगते, कारण ते कोणालाही उपयोगी पडण्यासारखे आहे. दिसायला सुती असलेले प्रत्येक कापड सुती नसते. मी प्रत्येक साडीच्या टोकाशी पाण्याचा एकेक थेंब सोडला. जेथे तो तत्काळ जिरून पसरला ती साडी उपयोगाची. जेथे मोत्यासारखा उभा राहिला ती बाजूला. शंका असेल तेथे एक धागा ओढून जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी बनते. या परीक्षेत चार साड्या उतरल्या. दोन माझ्या रोजच्या वापरातल्या, एक आईची नागपुरी सुती नऊवारी, आणि एक बौदींनीच कधीतरी दुर्गापूजेला मला दिलेली तांताची साडी. तांताचे कापड नवे असताना खळीमुळे कडक असते. परंतु दहा वर्षे धुतल्यावर ते असे मऊ होते की गालाला लावून बसावेसे वाटते.

मे महिन्याच्या एका दुपारी मी कात्री हातात घेतली. दोन दिवसांत पुष्कळ काम झाले, आणि त्याच आनंदात मी पुण्याला माझ्या पुतणीला दूरध्वनी केला. ती बालरोगतज्ज्ञ आहे. तिने कौतुक करावे अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारले, “काकू, आजीची साडी होती कुठे?”

“ट्रंकेत.”

“ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का?”

होत्या. नसतील कशा? आईची साडी कसरीपासून राखावी म्हणून मीच दरवर्षी त्या घालीत आले होते. तेव्हा तिने मला जे सांगितले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींना जपणारे एक विकर असते. त्याला जी-६-पी-डी म्हणतात. काही मुलांत ते जन्मतःच कमी असते, आणि ते बाहेरून दिसत नाही. डांबरगोळीतील नॅफ्थलीनचा वास कपड्यांत मुरलेला असेल, तर अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि त्याला तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून तान्ह्या मुलाच्या कपड्यांत, पांघरुणांत, पाळण्याच्या कापडात डांबरगोळी कधीही घालू नये. आणि तशा पेटीतून निघालेले कापड नीट धुऊन, वाऱ्यावर टाकून, वासाचा अंशही उरला नाही याची खात्री झाल्याशिवाय बाळाजवळ नेऊ नये.

मी लाजले. प्रेमाने करावयास घेतलेल्या वस्तूत मी नकळत केवढा धोका शिवीत होते! शिवलेले सर्व उसवले. सगळे कापड कढत पाण्यातून दोनदा काढले आणि भिलाईच्या त्या कडक उन्हात आठ दिवस वाळवले. रोज संध्याकाळी मी नाक लावून पाही. आठव्या दिवशी घरातल्या चौघांनी वास घेतला, आणि कोणालाही उन्हाखेरीज कशाचाच वास आला नाही, तेव्हा मी पुन्हा कात्री घेतली.

नऊवारीचा अर्धा भाग मी तसाच अखंड ठेवला. आईची साडी सगळी कापावयास हात धजेना. उरलेला अर्धा भाग आणि माझ्या दोन साड्या यांतून, जीर्ण जागा वगळून, हात-सव्वा हाताचे अडतीस चौकोन निघाले. दोन दोन चौकोन एकावर एक शिवून एकोणीस लंगोट झाले. लंगोट त्रिकोणी घडी घालून बांधावयाचा म्हणून कडेला त्याच कापडाच्या नाड्या लावल्या. गुंड्या नाहीत, टाचण्या नाहीत. शिवणीची जाड बाजू बाहेर ठेवली, म्हणजे ती कोवळ्या कातडीला घासत नाही. दोन मीटर नवी मलमल आणून तिची सात झबली केली, उरल्या तुकड्यांची एक कुंची केली. तांताच्या साडीचे पाच पदर झाले. तीन पदरांचे एक जाड दुपटे आणि दोन पदरांचे एक पातळ.

रचनेची मौज तर निराळीच. लंगोटाची लांबट घडी घालून तो घट्ट गुंडाळला आणि त्याच्याच नाडीने बांधला की एक लहानशी वळकटी होते. परातीत मधोमध एक वळकटी उभी ठेवली की तिच्याभोवती बरोबर सहा बसतात, आणि त्या सहांभोवती बारा. एक, सहा आणि बारा मिळून एकोणीस. हा झाला खालचा मजला. त्यावर झबल्यांच्या वळकट्या, एक आणि भोवती सहा. आणि शिखरावर कुंची. खालच्या मजल्याभोवती दुपटी लपेटली आणि सर्वांत बाहेरून नऊवारीचा अखंड अर्धा भाग पट्टीसारखा दुमडून, काठ वर येईल असा बांधला. रबर, दोरा, डिंक काहीच लागले नाही. गाठ सोडली की सारे मोकळे. मलमल, दोरा आणि धुण्याचा साबण धरून खर्च झाला तीनशे दहा रुपये.

शाधच्या चार दिवस आधी ती परात घेऊन मी मोठ्या अभिमानाने बौदींकडे गेले. त्यांनी रुमाल उचलला. तांताचा काठ त्यांनी लगेच ओळखला. त्यांची बोटे त्यावरून एकदा फिरली. मग त्यांचा चेहरा उतरला. रुमाल पुन्हा झाकून त्या हळूच म्हणाल्या, “दीदी, हे घरात नको. बाळ यायच्या आधी बाळाचे काही घरात आणायचे नसते.”

ही समजूत मला अपरिचित नव्हती. आमच्याकडेही पाळणा आधी आणीत नाहीत. परंतु महिनाभर खपून केलेली वस्तू परत न्यावयाची म्हणजे मनाला लागतेच. माझ्या मनात आणखी एक हलका विचार येऊन गेला, तोही सांगून टाकते. जुन्या कापडाची भेट म्हणून तर ती नको झाली नसेल? मी काही बोलणार एवढ्यात बौदींनी माझा हात धरला. “रागावू नका. तुमच्याच घरी ठेवा. बाळ आले की मी स्वतः मागायला येईन.”

शाधच्या दिवशी मी नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू घेऊन आपल्या पद्धतीने सुनेची ओटी भरली. भोवती चांदी चमकत होती. मी वाढण्याच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले. परात आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, स्वच्छ चादरीत बांधलेली होती.

बाळ ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अपेक्षित होते. जुलैच्या मध्यावर, सलग तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळत असताना, रात्री दोन वाजता आमचे दार वाजले. बौदींचा मुलगा रात्रपाळीवर होता आणि सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. आमच्या यजमानांनी गाडी बाहेर काढली. सुनेला आधार देऊन बसवले, मी शेजारी बसू लागले, आणि तेवढ्यात बौदी पावसातच थांबल्या. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “दीदी, तो केक घ्या.”

पहाटे मुलगी झाली. दिवस पुरे व्हावयाला पाच आठवडे होते. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आतले मूल कमी वजनाचे समजतात. तिला श्वास स्वतःचा घेता येत होता, ओढून दूध पिण्याचा प्रयत्नही ती करीत होती. परंतु अंग तापत नव्हते. अशा बालकांच्या कातडीखाली चरबी फार थोडी असते, त्यामुळे ती पाहता पाहता गार पडतात. परिचारिकेने विचारले, “मऊ, कोरडे सुती कपडे आणलेत का? आणि एखादे लांब कापड?”

मी परात पुढे केली. त्या क्षणीही तिला हसू आले. गाठ सोडताच नऊवारीचा तो अर्धा भाग हातभर उलगडला. तिने बाळाला कुंची आणि एक लंगोट तेवढा घातला. नाळेला ओल लागू नये म्हणून लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडली. मग बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवले आणि त्या लांब कापडाने दोघींना एकत्र बांधून घेतले. कांगारू जसे पिलाला पोटाशी धरते तशी ही पद्धत आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, १९७८ साली डॉक्टरांनी ती सुरू केली, आणि पुढे जगभर तिचा स्वीकार झाला. तासाभरात बाळाच्या तळपायांना ऊब आली. माझ्या आईला जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. तिची साडी त्या मायलेकींभोवती होती, आणि मला खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत उभे राहावे लागले.

सकाळी बाहेरच्या बाकावर बौदी आपण होऊन बोलल्या. १९८६ साली त्यांचे पहिले मूल जन्मले आणि तिसऱ्या दिवशी गेले. बाळाच्या कपड्यांची एक पेटी त्यांनी हौसेने भरून ठेवली होती. घरी परतल्यावर ती पेटी त्यांना स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागली. “मूल गेले ते सोसले, दीदी. पेटी सोसवली नाही.” पंचवीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती.

अशा चालींना आपण सुशिक्षित माणसे चटकन अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ पहिल्या वर्षाच्या आत दगावत असत. ज्या घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांनी मनाला इजा होऊ नये म्हणून आशेला आवर घालण्याची एक रीत बसवली असेल, तर तिला हसण्याचा अधिकार मला वाटत नाही. २०१८ साली तो आकडा ३२ वर आला होता. हे कपडे न शिवता घडलेले नाही. लसी, प्रसूतिगृहे, परिचारिका आणि शिकलेल्या माता यांनी घडवले आहे. म्हणूनच मला वाटते, की चाल मोडण्यासाठी वाद घालण्याची गरज नाही, आणि चालीपायी बाळाला कोरड्या कपड्यावाचून ठेवण्याचीही गरज नाही. घरात नको असेल तर शेजारणीच्या फळीवर ठेवावे. तयारी झालेली असली म्हणजे पुरे. ती कोणाच्या कपाटात आहे, हे बाळ विचारीत नाही.

आता एकोणीस लंगोटांचे खरे सांगावयाचे तर ते पावसाळ्यात दोन दिवसही पुरले नाहीत. तान्हे मूल दिवसातून दहा-बारा वेळा लंगोट ओला करते, आणि जुलैत दोरीवरचे कापड दोन दिवस वाळत नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतील मल्याळी शेजारीण आपल्या यजमानांची जुनी, दुधासारखी पांढरी मुंडू घेऊन आली. तेलुगू काकूंनी दोन साड्या दिल्या. माझे यंत्र आठवडाभर चालू होते. कोणाच्या ओळखीचा कोणता काठ कोठल्या लंगोटावर आला आहे, हे शोधणे हा त्या खोलीतला खेळच होऊन बसला.

ज्या भगिनींना अशी भेट करावीशी वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहिते. लंगोट सौम्य साबणाने धुवावे आणि साबणाचा अंश राहणार नाही इतके खळबळावे. कपडे मऊ करणारी द्रावणे घालू नयेत. त्यांनी कापडाची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते. ऊन नसेल तेव्हा दमट लंगोट इस्त्रीने पुरते कोरडे करावेत. दुपट्यात बाळाला गुंडाळताना पाय ताठ ओढून आवळू नयेत. खुब्यापाशी पाय दुमडून हलतील इतकी जागा ठेवावी, नाही तर खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो. आणि रात्री किंवा प्रवासात विकतचे डायपर वापरले म्हणून कोणत्याही आईला दोष देऊ नये. बौदींच्या सुनेनेही ते वापरले. जी आई रात्रभर जागते तिच्या दोन तासांच्या झोपेचेही मोल आहे.

चांदीच्या वाट्या कपाटात गेल्या आणि तेथे त्या सुखरूप आहेत. त्यांचेही दिवस येतील. लंगोट मात्र वर्षभरात झिजून विरले. काहींची फडकी झाली, आणि शेवटी तीही गेली. वस्तू वापरून संपणे यातच तिचे सार्थक असेल, तर त्या एकोणीस लंगोटांइतके सार्थक आमच्या घरातील दुसऱ्या कशाचे झाले असेल असे मला वाटत नाही. मुलगी आता शाळेत जाते. तिच्या आईने तिला केकची गोष्ट सांगितलेली आहे, आणि तो केक आपण का खाल्ला नाही, हे ती मला अधूनमधून विचारते.

२०२३ च्या हिवाळ्यात माझ्या मुलीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ती माहेरी आली. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी बौदी एक पुडके घेऊन आल्या. आत तेच तीन पदरी तांताचे दुपटे होते. पण ते ओळखू येत नव्हते. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर एकत्र धावदोऱ्याने शिवून कांथा करतात, आणि पुष्कळदा दोराही जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढतात. आपल्या गोधडीची ती सख्खी बहीणच. बौदींनी त्या दुपट्यावर मासे, वेली आणि मधोमध एक फुललेले कमळ काढले होते. डोळ्यांना कमी दिसू लागल्यामुळे काही टाके वाकडे गेले होते. त्यांना त्याला पाच महिने लागले असावेत.

त्यांनी ते माझ्या लेकीच्या मांडीवर ठेवले. बाळ यावयाला अजून दोन महिने होते.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “कपाटात ठेवा, दीदी. तुमच्याच.”

त्या दिवशी आहेर किती रुपयांचा झाला, हा आकडा माझ्या मनात आला नाही.